फायरस्टोअरची नोंद बदलली की स्टोरेजमधली फाइल आपोआप काढणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फायरबेसवर (गूगलच्या ॲप बांधायच्या सेवांच्या संचावर) ॲप बांधताना फोटो अपलोड करण्याचे काम सगळे जण पहिल्याच टप्प्यात उरकतात. जुना फोटो काढायचे काम मात्र 'नंतर बघू' म्हणून मागे पडते, आणि बघायची वेळ येते तेव्हा बकेटमध्ये, म्हणजे फाइली साठवायच्या जागेत, बेवारस फाइलींचा ढीग साठलेला असतो. खालची उत्तरे फायरस्टोअर (नोंदींचा डेटाबेस), क्लाउड स्टोरेज (फाइलींचा साठा) आणि क्लाउड फंक्शन्सची (काही घडले की सर्व्हरवर आपोआप चालणारा कोड) दुसरी पिढी धरून लिहिली आहेत. उदाहरण सगळीकडे एकच आहे : भाड्याच्या घरांच्या जाहिरातींचे ॲप. 'जाहिराती' हे कलेक्शन (नोंदींचा गट), प्रत्येक जाहिरातीचे एक डॉक्युमेंट (नोंद), त्यात 'फोटो' नावाची यादी आणि त्या यादीत बकेटमधल्या फाइलींचे पाथ, म्हणजे पत्ते. फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

नोंद डिलीट केली की तिची फाइल आपोआप जात नाही का?

नाही. फायरस्टोअर आणि क्लाउड स्टोरेज या दोन वेगळ्या सेवा आहेत. डॉक्युमेंटमधला पाथ फायरस्टोअरच्या लेखी अक्षरांची एक ओळ असते. तिच्यामागे बकेटमध्ये चार एमबीचा फोटो आहे, हे त्याला ठाऊक नसते. डॉक्युमेंट डिलीट केले तर त्याखालची सबकलेक्शन्ससुद्धा (नोंदीच्या आतले नोंदींचे गट) जागच्या जागी राहतात, मग फाइलीची गोष्ट दूरच.

इतर ठिकाणीही बहुतेक हेच चित्र आहे. जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कमध्ये २०११ च्या १.३ आवृत्तीपासून मॉडेलची नोंद डिलीट केली तरी फाइल राहते, आणि हे मुद्दाम केलेले आहे. आधी फाइल आपोआप जायची. पण ट्रान्झॅक्शन रोलबॅक झाले (डेटाबेसने बदल मागे घेतले) की नोंद परत यायची आणि फाइल मात्र गेलेली असायची. सुपाबेस या फायरबेससारख्या सेवेमध्ये स्टोरेजच्या टेबलातली ओळ एसक्यूएलने उडवली तरी खरी फाइल मागे राहते, म्हणून तिथे स्टोरेजच्या एपीआयमधूनच डिलीट करायचे असते. रेल्स या रूबीच्या फ्रेमवर्कचे ॲक्टिव्ह स्टोरेज मात्र नोंद डिस्ट्रॉय झाली की जोडलेली फाइल बॅकग्राउंड जॉबमध्ये स्वतः काढते.

राहिल्या फाइली पडून, तर बिघडले कुठे? जागा तर स्वस्त आहे.

पैशाचा मुद्दा खरोखरच छोटा आहे. मोठा मुद्दा आहे तो माणसांचा. भाड्याच्या ॲपमध्ये हॉलचे फोटो असतात तसे आधार कार्डाचे स्कॅन आणि सह्या केलेले भाडेकरारही असतात. वापरणाऱ्याने 'डिलीट' दाबले, स्क्रीनवरून कागद गेला, त्याला वाटले विषय संपला. प्रत्यक्षात फायरबेसची डाउनलोड लिंक तिच्यातच असलेल्या टोकनवर (गुप्त सांकेतिक अक्षरांवर) चालते. ती लिंक ज्याच्याकडे असेल त्याला फाइल उघडता येते आणि त्या वेळी सिक्युरिटी रूल्स (कुणाला काय करता येईल ते ठरवणारे नियम) आडवे येत नाहीत. वर्षभरापूर्वी कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवलेली लिंक आजही चालू असू शकते, नोंद जाऊन कितीही दिवस झाले तरी.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कलम १२ खाली आपला डेटा दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. युरोपातल्या वापरकर्त्यांसाठी जीडीपीआर या तिथल्या डेटा संरक्षण कायद्याचे कलम १७ आहे. पण कायदा नसता तरीही, एखाद्याने 'माझा कागद काढा' म्हटल्यावर तो खरोखर काढणे हे आपले काम आहे असे मला मनापासून वाटते.

मग ॲपमधूनच आधी फाइल आणि मग नोंद डिलीट केली तर?

मधेच नेटवर्क गेले, वापरणाऱ्याने ॲप बंद केले किंवा फोनची बॅटरी संपली, की अर्धेच काम होते. फाइल गेली आणि नोंद राहिली तर स्क्रीनवर तुटका फोटो दिसतो. उलट झाले तर बेवारस फाइल उरते. शिवाय नोंद डिलीट होण्याच्या वाटा अनेक असतात : ॲप, ॲडमिन पॅनल, कन्सोल, एखादी साफसफाईची स्क्रिप्ट, फायरस्टोअरची टीटीएल पॉलिसी (मुदत संपली की नोंद काढणारा नियम). प्रत्येक वाटेवर फाइल काढायचा कोड ठेवायचा म्हटले की एखादी वाट राहतेच. ट्रिगर (नोंद बदलली की फंक्शन उठवणारी कळ) डेटाबेसवर बसवला की नोंद कुणी आणि कुठून बदलली, याने फरक पडत नाही.

कोणता ट्रिगर घ्यायचा?

डॉक्युमेंटसाठी मुख्य चार आहेत : ऑन-डॉक्युमेंट-क्रिएटेड, ऑन-डॉक्युमेंट-अपडेटेड, ऑन-डॉक्युमेंट-डिलीटेड आणि या तिन्हींना पकडणारा ऑन-डॉक्युमेंट-रिटन. बरेच जण फक्त डिलीटेड लावतात आणि तिथेच फसतात, कारण बहुतेक जुन्या फाइली नोंद बदलल्यामुळे बेवारस होतात. घरमालक जाहिरात क्वचित काढतो, फोटो मात्र सारखे बदलतो.

मी ऑन-डॉक्युमेंट-रिटन एकच लावतो. त्यात 'बिफोर' आणि 'आफ्टर' अशी दोन चित्रे मिळतात. आधीच्या चित्रातले पाथ घ्यायचे, त्यातून नंतरच्या चित्रातले पाथ वजा करायचे, उरतील त्या फाइली काढायच्या. नोंद नवीन असेल तर 'बिफोर' रिकामे, म्हणून काढायला काहीच नाही. नोंद डिलीट झाली असेल तर 'आफ्टर' रिकामे, म्हणून सगळ्या फाइली यादीत येतात. बदल असेल तर नेमका फरक हाती लागतो.

एक मर्यादा माहीत हवी. फायरस्टोअरचा ट्रिगर एखाद्या फील्डपुरता लावता येत नाही, तो अख्ख्या डॉक्युमेंटवर बसतो. म्हणजे भाड्याचा आकडा बदलला तरी फंक्शन उठते. अशा वेळी वजाबाकी रिकामी येईल आणि फंक्शन लगेच परत फिरेल. मात्र 'किती वेळा बदलले' असला आकडा त्याच डॉक्युमेंटमध्ये फंक्शनमधून लिहू नका. त्या लिहिण्याने पुन्हा फंक्शन उठते, ते पुन्हा लिहिते, आणि बिल चढत राहते.

एक पूर्ण फेरी दाखवाल का?

जाहिरातीत तीन फोटो आहेत : हॉल, स्वयंपाकघर, गॅलरी. घरमालकाने गॅलरीचा फोटो काढून बाल्कनीचा टाकला.

ॲप आधी बाल्कनीची फाइल बकेटमध्ये चढवते. अपलोड पूर्ण झाल्यावरच डॉक्युमेंटमधली यादी बदलते : हॉल, स्वयंपाकघर, बाल्कनी. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण नोंद आधी बदलली आणि अपलोड फसले तर जाहिरातीत नसलेल्या फोटोचा पाथ लिहिलेला राहतो.

यादी बदलली की ट्रिगर उठतो. 'बिफोर' वजा 'आफ्टर' बरोबर गॅलरी. फंक्शन लगेच डिलीट करत नाही. ते डॉक्युमेंट पुन्हा एकदा ताजे वाचते आणि गॅलरीचा पाथ आत्ताच्या यादीत आहे का, ते बघते. नाही ना? मग तो पाथ याच जाहिरातीच्या फोल्डरातला आहे का, ते तपासते. तोही आहे? मग बकेटला ती फाइल काढायला सांगते, 'इग्नोअर-नॉट-फाउंड' हा पर्याय लावून. शेवटी लॉगमध्ये एक ओळ : जाहिरातीचा आयडी, काढलेला पाथ, इव्हेंटचा (बदल झाल्याच्या सूचनेचा) आयडी. पुढे कुणी 'माझा फोटो कुठे गेला' म्हणून विचारले की हीच ओळ शोधावी लागते.

पुन्हा वाचायची गरज काय? 'आफ्टर' तर हातात आहेच.

'आफ्टर' हे इव्हेंट घडला त्या क्षणाचे चित्र आहे. फंक्शन चालते तेव्हा तेच चित्र खरे असेल याची खात्री नसते. फायरस्टोअरचे इव्हेंट किमान एकदा पोहोचतात, म्हणजे एकच इव्हेंट दोनदाही येऊ शकतो, आणि ते घडले त्याच क्रमाने येतील असे नाही.

समजा घरमालकाने गॅलरी काढली आणि लगेच 'अनडू' दाबून परत आणली. पहिल्या बदलाचा इव्हेंट उशिरा पोहोचला तर त्यातली वजाबाकी अजूनही 'गॅलरी काढा' असेच सांगते, आणि फंक्शन सध्या वापरात असलेला फोटो उडवते. ताजे वाचन केले की हा धोका जवळजवळ संपतो. जवळजवळ म्हणतो, कारण वाचन आणि डिलीट यांच्यामध्ये क्षणभराची फट उरते. ती बुजवायची असेल तर यादीतून एकदा गेलेला पाथ परत यादीत येऊ द्यायचा नाही. अनडू हवे असेल तर ॲपने बदल थोडा वेळ स्वतःकडे धरून ठेवावा आणि मगच नोंदीत लिहावा.

फाइलचे नाव काय ठेवावे?

या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त नुकसान इथे होते, म्हणून जरा सविस्तर.

प्रोफाइल फोटोला वापरकर्त्याच्या आयडीखाली 'प्रोफाइल डॉट जेपीजी' असे ठरलेले नाव द्यायची पद्धत फार रूढ आहे. नवा फोटो आला की जुन्यावर लिहिला जातो, मग डिलीट करायची भानगडच नाही, असा त्यामागचा हिशेब. एकच फोटो, एकच वापरकर्ता, इतकेच असेल तर तो चालतोही. पण फाइल काढणारा ट्रिगर बसवला की हीच पद्धत घातक ठरते. वापरकर्त्याने फोटो काढला : नोंदीतून पाथ गेला, इव्हेंट निघाला. दोन सेकंदांत त्याने नवा फोटो टाकला : त्याच नावाने फाइल चढली. मग जुना इव्हेंट पोहोचला, आणि नोंदीत नवा पाथ लिहिला जाण्याआधीच फंक्शनने ताजे वाचन केले. यादीत पाथ नाही, म्हणून फाइल उडाली. पण उडाली ती नवी. वापरकर्त्याला अपलोड यशस्वी झाल्याचे दिसले होते आणि फोटो मात्र नाही. लॉगमध्येही सगळे बरोबर दिसते, कारण पाथ तोच.

उपाय सोपा आहे. प्रत्येक अपलोडला नवे, पुन्हा कधीही न वापरले जाणारे नाव द्या. यूयूआयडी (आपोआप बनणारा, सहसा पुन्हा न येणारा आयडी) घ्या किंवा फायरस्टोअरकडून नवा डॉक्युमेंट आयडी बनवून तो नावात घाला. मूळ नाव हवे असेल तर ते नोंदीत वेगळ्या फील्डमध्ये ठेवा. एका पाथवर आयुष्यात एकदाच फाइल लिहिली जाणार असेल तर उशिरा आलेला इव्हेंट काय किंवा दोनदा आलेला काय, चुकीची फाइल काढूच शकत नाही. जुना फोटो कॅशमधून (तात्पुरत्या साठवलेल्या प्रतीतून) दिसत राहण्याची कटकटही जाते.

काही कारणाने नाव बदलता येतच नसेल, तर क्लाउड स्टोरेज प्रत्येक लिखाणाला एक 'जनरेशन' क्रमांक देते, त्याचा आधार घ्या. तो क्रमांक नोंदीत साठवायचा आणि डिलीट करताना 'हा क्रमांक जुळला तरच काढ' अशी अट लावायची. चालते, पण नवे नाव देणे यापेक्षा कितीतरी सरळ.

नोंदीत पाथ ठेवायचा की डाउनलोड यूआरएल?

पाथ. यूआरएलमध्ये बकेटचे नाव, टोकन आणि एन्कोड केलेला पाथ सगळे एकत्र असते. त्यातून पाथ सोडवताना तिरक्या रेषेच्या जागी आलेले टक्केचिन्ह पुन्हा मोडावे लागते, आणि मराठी नावाच्या फाइलीला तर अख्खी ओळ टक्केचिन्हांनी भरते. बकेटचे नावही कोडमध्ये गृहीत धरू नका. पूर्वी फायरबेसच्या मूळ बकेटचे नाव 'ॲपस्पॉट डॉट कॉम'ने संपायचे. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीपासून बनणाऱ्या नव्या प्रोजेक्टांत ते 'फायरबेसस्टोरेज डॉट ॲप'ने संपते. जुन्या लेखातला कोड उचलून डिप्लॉय केला आणि 'बकेट सापडत नाही' असा एरर आला, तर आधी हेच बघा.

कुणी दुसऱ्याची फाइल उडवू शकेल का?

हो, आणि हा धोका मला सगळ्यांत जास्त गंभीर वाटतो, कारण बहुतेक उदाहरण-कोडमध्ये तो उघडाच असतो.

फंक्शन ॲडमिन एसडीकेने (पूर्ण अधिकार असलेल्या सर्व्हरवरच्या लायब्ररीने) चालते आणि ॲडमिन एसडीकेला सिक्युरिटी रूल्स लागू होत नाहीत. आता असा विचार करा : माझ्या जाहिरातीचे 'फोटो' फील्ड मला बदलता येते. मी त्यात तुमच्या भाडेकराराचा पाथ लिहिला आणि पुढच्या क्षणी तो काढला. फंक्शनला दिसते : आधी होता, आता नाही. ते इमानेइतबारे तुमची फाइल काढून टाकते. स्टोरेजचे रूल्स कितीही कडक असले तरी उपयोग नाही, कारण डिलीट करणारा मी नव्हेच, तुमचेच फंक्शन आहे.

म्हणून नोंदीतल्या पाथवर आंधळा विश्वास नको. फाइली जाहिरातीच्या आयडीच्या फोल्डरात ठेवा आणि फंक्शनने डिलीट करण्याआधी पाथची सुरुवात त्याच आयडीने होते का, हे तपासावे. हा आयडी ट्रिगरच्या पॅरामीटरमधून घ्यायचा, डॉक्युमेंटमधल्या फील्डमधून नाही. 'मालक' हे फील्डही हल्लेखोर बदलू शकतो. याहून बरे म्हणजे नोंदीत फक्त फाइलचे नाव ठेवायचे आणि पूर्ण पाथ फंक्शननेच जोडायचा. फायरस्टोअरच्या रूल्समध्येही नमुना तपासता येतो. दोन्ही ठिकाणी तपासणी असली तर उत्तमच, पण फंक्शनमधली वगळू नका.

अख्खा फोल्डरच उडवला तर? जाहिरात गेली की तिचे सगळेच जायचे आहे.

जाहिरात पूर्ण डिलीट झाली असेल तर तेच सोयीचे. क्लाउड स्टोरेजमध्ये सहसा खरे फोल्डर नसतातच, फाइलींची लांबलचक नावे असतात. 'डिलीट-फाइल्स' या फंक्शनला प्रीफिक्स (नावाचा सुरुवातीचा भाग) दिला की त्याने सुरू होणारी प्रत्येक फाइल जाते.

इथे दोन खड्डे आहेत. 'जाहिराती/१२' असा प्रीफिक्स दिला तर 'जाहिराती/१२३' खालच्या फाइलीही जातील, म्हणून शेवटची तिरकी रेष विसरू नका. दुसरा खड्डा भयंकर आहे : प्रीफिक्सचे व्हेरिएबल काही कारणाने रिकामे राहिले तर प्रीफिक्सच नाही असे धरले जाते आणि अख्खे बकेट साफ होते. डिलीट करण्याच्या आधीच्या ओळीत 'आयडी रिकामा असेल तर थांब' ही अट हवीच. कोड रिव्ह्यू करताना मी ही ओळ सगळ्यांत आधी शोधतो.

थंबनेलचे काय?

मूळ फोटोवरून लहान आकाराच्या प्रती बनवणारे फंक्शन किंवा एक्स्टेन्शन असेल तर त्या प्रती नोंदीत लिहिलेल्या नसतात, म्हणून वजाबाकीत येत नाहीत. प्रत्येक फोटोला आपले स्वतःचे फोल्डर द्या : मूळ फाइल आणि सगळ्या प्रती त्यात. मग फोटो काढायचा म्हणजे ते छोटे फोल्डर प्रीफिक्सने काढायचे.

एकच फाइल दोन नोंदींत वापरली असेल तर?

'या जाहिरातीची नक्कल करा' असे बटण आले की ही अडचण हमखास येते. किती नोंदी वापरतात याचा आकडा ठेवायचा विचार पटकन सुचतो, पण दोनदा येणाऱ्या इव्हेंटमुळे तो आकडा हळूहळू चुकत जातो. डिलीट करण्याआधी 'हा पाथ असलेली दुसरी नोंद आहे का' अशी क्वेरी मारता येते. माझे मत मात्र सरळ आहे : नक्कल करताना फाइलचीही नक्कल करा. बकेटमधल्या बकेटमध्ये कॉपी सर्व्हरकडेच होते, फोनचा डेटा खर्च होत नाही, आणि 'एक फाइल, एक मालक' हा नियम अबाधित राहतो. फाइली फारच मोठ्या असतील, व्हिडिओ वगैरे, तरच क्वेरीचा रस्ता धरा.

फंक्शन मधेच फेल झाले तर पुन्हा चालते का?

आपणहून नाही. इव्हेंटवर चालणाऱ्या फंक्शनला रिट्राय मुळात बंद असतो. तो स्वतः चालू करावा लागतो. चालू केला की दुसऱ्या पिढीत २४ तासांपर्यंत आणि पहिल्या पिढीत ७ दिवसांपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न होतो.

रिट्राय चालू करण्याआधी एररची विभागणी करा. 'फाइल सापडली नाही', म्हणजे ४०४, हे यशच माना. जे व्हायचे ते आधीच झाले आहे. नेटवर्कची किंवा ५०० च्या घरातली, म्हणजे सर्व्हरची, एरर असेल तर ती वर फेका, म्हणजे रिट्राय होईल. ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', असेल तर कितीही वेळा प्रयत्न केला तरी तेच उत्तर येणार, म्हणून लॉग करून थांबा.

४०३ कशामुळे येतो?

फंक्शन ज्या सर्व्हिस अकाउंटने (माणसाऐवजी प्रोग्रॅमसाठी असलेल्या खात्याने) चालते त्याला बकेटमध्ये डिलीट करायची परवानगी नसते. पहिल्या पिढीतून दुसऱ्या पिढीत आल्यावर हे विशेष दिसते, कारण पहिली पिढी ॲप इंजिनच्या डीफॉल्ट अकाउंटने चालायची आणि दुसरी कॉम्प्युट इंजिनच्या डीफॉल्ट अकाउंटने चालते. या कामासाठी वेगळे अकाउंट बनवून त्याला फक्त त्या एका बकेटवर ऑब्जेक्ट वाचण्या-काढण्याची परवानगी द्या. अख्ख्या प्रोजेक्टचा 'एडिटर' रोल देऊन प्रश्न सोडवू नका.

फाइल चढली पण नोंदच झाली नाही, तिचे काय?

तिच्यासाठी फायरस्टोअरचा कुठलाही इव्हेंट कधीच येणार नाही. वापरकर्त्याने फोटो निवडले, चढले, आणि जाहिरात पूर्ण न करताच तो निघून गेला, असे रोज घडते.

अपलोड आधी 'तात्पुरते' फोल्डरात घ्या आणि नोंद झाल्यावर फंक्शनने फाइल पक्क्या जागी हलवून पक्का पाथ नोंदीत लिहावा. 'तात्पुरते' या प्रीफिक्सवर लाइफसायकल नियम लावा : वय एक दिवस झाले की डिलीट. हा नियम दिवसांच्या हिशेबाने आणि आपल्या सवडीने चालतो, ठोक्याला नाही, पण या कामाला तेवढे पुरते.

त्याखेरीज आठवड्यातून एकदा चालणारे झाडू-फंक्शन ठेवाच. ते बकेटमधल्या फाइली आणि नोंदींतले पाथ ताडून बघते आणि कुणाच्याच नसलेल्या फाइली वेगळ्या काढते. त्यात किमान एक दिवस जुन्या फाइलीच धराव्यात, नाहीतर आत्ता चढत असलेली फाइल बेवारस ठरेल. पहिले काही आठवडे ते फक्त यादी छापू दे, काढायचे काही नाही. यादी डोळ्यांखालून घाला, मगच डिलीट चालू करा.

चुकून उडालेली फाइल परत मिळते का?

२०२४ पासून क्लाउड स्टोरेजमध्ये सॉफ्ट डिलीट आहे. नव्या बकेटवर सहसा तो आपोआप चालू असतो आणि काढलेली फाइल ७ दिवस परत आणता येते. मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवता येते किंवा शून्य करून बंदही करता येते. त्या काळात लिंक चालत नाही, पण जागेचे पैसे लागतात.

बॅकअपचा मेळही बघा. फायरस्टोअरमध्ये पॉइंट-इन-टाइम रिकव्हरी चालू केली असेल तर ७ दिवसांपर्यंत मागे जाता येते. डेटाबेस पाच दिवस मागे नेला आणि सॉफ्ट डिलीट बंद असेल, तर नोंदी परत येतील आणि त्यांच्या फाइली नसतील. डेटाबेस जितके मागे नेता येतो, निदान तितके दिवस फाइलीही परत मिळाल्या पाहिजेत. आणि वापरकर्त्याला 'कायमचे काढले' असे सांगताना ही मुदत लपवू नका. 'सात दिवसांत पूर्ण काढले जाईल' असे लिहिणे प्रामाणिकपणाचे आहे.

फाइल काढली तरी फोटो दिसतोच आहे!

कॅश. सार्वजनिक केलेल्या ऑब्जेक्टला वेगळे काही सांगितले नसेल तर तो एक तासापर्यंत कॅशमध्ये राहू शकतो. पुढे सीडीएन (जगभर प्रती ठेवून फाइली वाटणारे सर्व्हर) असेल तर त्याचा हिशेब वेगळा, आणि फोनवरची इमेज लायब्ररी स्वतःची प्रत ठेवते ती वेगळीच. खासगी कागदपत्रे सार्वजनिक ऑब्जेक्ट म्हणून ठेवूच नका.

खर्च किती येतो?

क्लाउड स्टोरेजमध्ये डिलीट करायचे पैसे पडत नाहीत. फंक्शनला महिन्याला २० लाख वेळा उठणे मोफत आहे, मात्र फंक्शन डिप्लॉय करायला ब्लेझ हा वापराप्रमाणे पैसे घेणारा प्लॅन लागतो. ताज्या वाचनाचा एक फायरस्टोअर रीड धरा. वजाबाकी रिकामी असेल तर तोही लागत नाही. सावध राहायचे ते स्वस्त स्टोरेज क्लासबाबत : नियरलाइनला ३० दिवस, कोल्डलाइनला ९० आणि आर्काइव्हला ३६५ दिवसांची किमान मुदत आहे. त्याआधी फाइल काढली तरी तेवढ्या दिवसांचे पैसे लागतात. सारखे बदलणारे फोटो स्टँडर्डमध्येच ठेवा.

आमचा डेटा मुंबई रीजनमध्ये आहे. फंक्शनसाठी काही वेगळे करावे लागते का?

रीजन, म्हणजे सर्व्हरचे ठिकाण, स्पष्ट लिहा. काही सांगितले नाही तर फंक्शन अमेरिकेतल्या आयोवामध्ये जाऊन बसते. काम होते, पण प्रत्येक वाचन समुद्रापार जाऊन येते. मुंबईचे नाव 'एशिया-साउथ-वन'.

चाचणी कशी करायची?

फायरबेसच्या लोकल एम्युलेटरमध्ये (आपल्याच संगणकावर चालणाऱ्या नकलेत) फायरस्टोअर, फंक्शन्स आणि स्टोरेज तिन्ही एकत्र चालतात, त्यामुळे खऱ्या बकेटला हात न लावता पूर्ण फेरी तपासता येते. फोटो बदलून बघणे तर सगळेच करतात. तुम्ही हेही करून बघा : एकच इव्हेंट दोनदा देणे, जुना इव्हेंट उशिरा देणे, दुसऱ्या जाहिरातीचा पाथ घुसवणे, आणि 'फोटो' फील्ड नसलेली जुनी नोंद डिलीट करणे. शेवटच्या प्रकारात 'अनडिफाइन्ड'वर, म्हणजे नसलेल्या यादीवर, फंक्शन कोसळते.

आम्ही फायरबेस वापरत नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि फाइलींसाठी ॲमेझॉनचे एस-थ्री आहे.

विचार तोच, साधने वेगळी. पोस्टग्रेसच्या ट्रिगरमधून थेट एस-थ्रीला कॉल करू नका. ट्रान्झॅक्शन रोलबॅक झाले तर नोंद राहील आणि फाइल जाईल. त्याऐवजी ट्रिगरने 'काढायच्या फाइली' नावाच्या टेबलात पाथ लिहावा. हे लिहिणे त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये होते, म्हणून रोलबॅक झाले तर तेही पुसले जाते. वेगळा वर्कर (मागे चालणारा प्रोग्रॅम) ते टेबल वाचतो, पाथ अजून वापरात आहे का ते तपासतो, एस-थ्रीमधून फाइल काढतो आणि मगच टेबलातली ओळ काढतो. एस-थ्रीला एका विनंतीत १००० पर्यंत फाइली काढायला सांगता येतात. बकेटवर व्हर्जनिंग (जुन्या प्रती राखणे) चालू असेल तर साध्या डिलीटने फक्त डिलीट मार्कर लागतो आणि जुनी प्रत तशीच राहते. ती घालवायला जुन्या व्हर्जनसाठी लाइफसायकल नियम लागतो.

जँगोवर असाल तर पोस्ट-डिलीट सिग्नलमध्ये (नोंद काढल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) फाइल थेट काढण्याऐवजी ते काम ट्रान्झॅक्शनच्या ऑन-कमिटमध्ये (बदल पक्के झाल्यावरच चालणाऱ्या भागात) टाका. क्वेरीसेटच्या अपडेटने (अनेक नोंदी एकदम बदलण्याने) सिग्नल उठत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. एका झटक्यात हजार नोंदींचे फोटो फील्ड रिकामे करणारी स्क्रिप्ट चालवलीत तर त्या हजार फाइली तुमच्या झाडू-फंक्शनलाच शोधाव्या लागतील.